झाशीच्या निकालांची बखर

डिसेंबर २०२०मधील गोष्ट. पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात, अक्रा शहरी, नोकरीनिमित्त राहणाऱ्या माझ्या भाच्याचा दूरध्वनी आला. त्या देशात ७ डिसेंबरला अध्यक्षपदाची आणि संसदेची निवडणूक एकाच दिवशी पार पडली होती. "मामा, गंमत ऐका," तो म्हणाला, "दोन्ही मोठ्या पक्षांना एकशेसदतीस-एकशेसदतीस जागा, आणि एक अपक्ष. आता सगळं त्या एकट्याच्या हातात." पुढे जानेवारी २०२१मध्ये तेथील नव्या संसदेत सभापतींच्या निवडीवरून रात्रभर गोंधळ झाला, सभागृहात सैनिक शिरले, आणि अखेरीस सत्ताधारी पक्षाचा अध्यक्ष असताना विरोधी पक्षाचे ॲल्बन बॅगबिन सभापती झाले. तो सारा वृत्तान्त त्याने मला मोठ्या चवीने सांगितला. पण त्या पहिल्या दूरध्वनीच्या शेवटी त्याने सहज एक प्रश्न विचारला होता. "तुम्ही तर आता झाशीत आहात. राणीच्या गावातून आपलं माणूस कधी निवडून दिल्लीला गेलं का हो?"

मला उत्तर देता आले नाही. अर्थशास्त्रात एम.ए. केलेल्या, तीस वर्षांच्या आसपास केंद्र शासनाच्या नोकरीत घालवलेल्या आणि झाशीत सरकारी निवासस्थानात राहणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसावे, याची थोडी लाज वाटली. त्यानंतर फुरसतीच्या वेळी जुने निकाल चाळण्याचा छंद लागला. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे लांबलेले उत्तर आहे. शासकीय सेवकाने कोणता पक्ष बरा आणि कोणता वाईट हे सांगू नये, असा आचारनियम आहे आणि तो योग्यच आहे. म्हणून पक्षांविषयी मतप्रदर्शन येथे आढळणार नाही. निकालांविषयी मात्र बोलता येते. ते सार्वजनिक दस्तऐवज आहेत.

प्रथम एक भौगोलिक कोडे. झाशी उत्तर प्रदेशात का आहे? नकाशा उघडून पाहिला तर झाशी व ललितपूर हे जिल्हे मध्य प्रदेशाच्या पोटात घुसवलेल्या बोटासारखे दिसतात. ललितपूरला (हा जिल्हा १९७४ साली झाशीतून वेगळा झाला) तर तीन बाजूंनी मध्य प्रदेशच आहे. भाषा बुंदेली, माती बुंदेलखंडाची, नदी बेतवा. आणि राजधानी लखनौ! याचे उत्तर १८५७च्या उठावानंतरच्या एका व्यवहारात आहे. गंगाधरराव नेवाळकर २१ नोव्हेंबर १८५३ रोजी निवर्तले, दत्तक नामंजूर करून डलहौसीने १८५४मध्ये संस्थान खालसा केले, आणि एप्रिल १८५८मध्ये ह्यू रोजने शहर घेतले, हा इतिहास मराठी वाचकाला पाठ असतो. त्यापुढचा भाग सहसा कोणी वाचत नाही. १८६१ साली इंग्रजांनी झाशीचे शहर व किल्ला ग्वाल्हेरच्या शिंद्यांना देऊन टाकला. पंचवीस वर्षे झाशी शहर शिंदेशाहीत होते. १८८६मध्ये उलटा सौदा झाला: ग्वाल्हेरचा किल्ला व मुरारची छावणी शिंद्यांना परत मिळाली आणि झाशी इंग्रजांकडे आली. त्या एका अदलाबदलीने झाशी संयुक्त प्रांतात पडली, आणि म्हणून पुढे उत्तर प्रदेशात. तो सौदा झाला नसता तर १९४८ साली झाशी मध्य भारतात व १९५६ साली मध्य प्रदेशात गेली असती, आणि येथील मतदार आज ग्वाल्हेर-गुण्याच्या राजकारणाचा भाग असते. निवडणुकीचा निकाल मतदानाच्या दिवशी लागतो असे आपण समजतो. मतदारसंघाची सीमा कोणी आखली, येथूनच तो लागू लागतो.

आता भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर. होय, एकदा. रघुनाथ विनायक धुळेकर.

धुळेकरांचा जन्म १८९१ साली झाशीतच झाला. व्यवसायाने वकील, वृत्तीने पत्रकार आणि काँग्रेसचे सत्याग्रही. १९३७च्या निवडणुकीत ते संयुक्त प्रांताच्या विधानसभेवर गेले, १९४६ साली संविधान सभेवर निवडले गेले आणि १९५२ साली पहिल्या लोकसभेवर. त्या काळी मतदारसंघाची रचना आजच्यासारखी नव्हती. झाशी जिल्ह्याचा दक्षिण भाग हा एक स्वतंत्र मतदारसंघ होता आणि तेथून धुळेकर निवडून आले. उत्तर भाग जालौन आणि पश्चिम इटाव्याशी जोडलेल्या द्विसदस्यीय मतदारसंघात होता. म्हणजे तेथे एकाच क्षेत्रातून दोन खासदार. ही द्विसदस्यीय पद्धत पुढे बंद झाली.

त्या पहिल्या निवडणुकीचे आकडे वाचताना प्रशासनातल्या माणसाला आजही धडकी भरते. सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार, त्यांतील बहुसंख्य निरक्षर. म्हणून प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी पोलादी पेटी आणि पेटीवर चिन्ह. मतपत्रिकेवर शिक्का मारायचाच नाही. ती आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांना त्याहून मोठी अडचण आली ती नावांची. उत्तर भारतातील लाखो स्त्रियांनी यादीत स्वतःचे नाव सांगण्यास नकार दिला. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' अशीच नोंद त्यांना हवी होती. सेन यांनी ती मान्य केली नाही आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. हा निर्णय कठोर होता. तो बरोबर होता, असे माझे मत आहे. नाव नसलेल्या व्यक्तीला मत देता आले तर पुढल्या पिढीलाही नाव सांगण्याची गरज भासली नसती. तरीही राणीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुलखाच्या अवतीभोवतीच्या प्रदेशांत स्त्रियांनी नाव न सांगितल्यामुळे मत गमवावे, हे वाचून मन काही काळ खिन्न झाले खरे.

येथे घानाची आठवण पुन्हा होते. आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत, त्या देशाचे नाव गोल्ड कोस्ट असताना, तेथेही निवडणूक झाली आणि क्वामे एन्क्रुमा हे तुरुंगात असतानाच अक्राच्या मध्य भागातून निवडून आले. त्यांच्या पक्षाने लढवल्या गेलेल्या ३८पैकी ३४ जागा जिंकल्या. त्यांचे चिन्ह लाल कोंबडा. आपल्याकडे काँग्रेसचे बैलजोडी. दोन्हीकडे वाचता न येणाऱ्या मतदाराला साहेबाने दिलेली साहेबाच्याच देशाची पद्धत: ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, मग ती मते निम्म्याहून कमी का असेनात. सुकुमार सेन १९५३मध्ये सुदानची पहिली निवडणूक घेण्यासाठी तिकडे गेले, हेही आज फारसे कोणाच्या लक्षात नाही. निवडणूक चालवण्याचे शास्त्र आपण त्या काळी परदेशी पाठवत होतो.

पुन्हा धुळेकरांकडे वळतो, कारण या साऱ्या बखरीत मला सर्वांत अवघड वाटलेले पान त्यांचे आहे.

१० डिसेंबर १९४६. संविधान सभेचा दुसरा दिवस. राजेंद्रप्रसादांची निवड अद्याप व्हायची होती आणि सच्चिदानंद सिन्हा हंगामी अध्यक्ष होते. धुळेकर हिंदुस्थानीत बोलू लागले. अनेक सदस्यांना ती भाषा कळत नाही, असे अध्यक्षांनी निदर्शनास आणून दिले. त्यावर धुळेकरांनी जे उत्तर दिले ते आजही भाषावादाच्या प्रत्येक इतिहासात उद्धृत होते. ज्यांना हिंदुस्थानी येत नाही त्यांना या देशात राहण्याचा हक्क नाही आणि जे सदस्य ती जाणत नाहीत ते या सभेत बसण्यास पात्र नाहीत, असा त्याचा आशय होता. सभागृहात गदारोळ झाला. नेहरूंनी त्यांना जागेवर बसण्यास सांगितले आणि नंतर, ही झाशीची जाहीर सभा नव्हे, अशी कानउघाडणी केली. सप्टेंबर १९४९मध्ये राजभाषेच्या प्रश्नावर चर्चा झाली तेव्हाही धुळेकर हिंदीच्या बाजूने तितक्याच आवेशाने उभे राहिले. १४ सप्टेंबरला तडजोड झाली: देवनागरी लिपीतील हिंदी ही राजभाषा, आणि पंधरा वर्षे इंग्रजी सोबतीला.

हे वाचून मी बराच वेळ थांबलो. ज्यांचे आडनाव धुळे गावाचे, ज्यांच्या घराण्याची भाषा मराठी, ते हिंदुस्थानीसाठी असे बोलतात! दक्षिणेतील सदस्यांना त्या दिवशी काय वाटले असेल, हे मद्रासमध्ये तीन वर्षे काढल्यामुळे मला थोडेफार कळते. ते विधान चुकीचे होते आणि त्याने हिंदीचे नुकसानच केले, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. मात्र त्यामागची व्यक्ती समजून घेता येते. अठराव्या शतकात नारोशंकर सुभेदाराबरोबर आणि पुढे नेवाळकरांबरोबर जी मराठी कुटुंबे येथे आली, ती १८५४नंतर दरबाराविना उरली. जवळ जहागीर नाही, मागे संख्या नाही. वकिली हिंदी-उर्दूत, बाजार बुंदेलीत, सत्याग्रहाची सभा हिंदुस्थानीत. अर्थशास्त्रात असे म्हणतात की काही वस्तूंचे मूल्य त्या वापरणाऱ्यांच्या संख्येवर ठरते. दूरध्वनी एकट्याकडेच असेल तर तो निरुपयोगी. भाषेचेही तसेच आहे. अल्पसंख्याकाने बहुसंख्याकाची भाषा आपली मानणे हा त्याच्या दृष्टीने तोट्याचा सौदा नसतो. पण जो नव्याने घर बदलतो तो जुन्या रहिवाशापेक्षा त्या घराचा अभिमान अधिक मोठ्याने सांगतो, असेही पुष्कळदा दिसते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माझ्या वाचकांनी आपापल्या शहरात याची उदाहरणे पाहिली असतील.

झाशीच्या मराठी मंडळींमध्ये धुळेकर एकटे नव्हते. चंद्रशेखर आझादांचे सहकारी सदाशिवराव मलकापूरकर आणि विश्वनाथ वैशंपायन हीही येथील राष्ट्रीय चळवळीतली मराठी नावे. मलकापूरकर आणि भगवानदास माहौर हे १९२९ साली भुसावळ स्थानकावर पकडले गेले, म्हणजे झाशीचा क्रांतिकारक पकडला गेला तो खानदेशात! सुटकेनंतर आझादांच्या वृद्ध मातोश्रींना मलकापूरकरांनीच झाशीत आणून सांभाळले. पण क्रांतिकारकांना निवडणुकीच्या राजकारणात फारशी जागा मिळाली नाही. ती मिळाली काँग्रेसच्या वकिलाला.

आता शेजारी नजर टाकू. १९५२ साली झाशीतून धुळेकर काँग्रेसतर्फे निवडून आले, तेव्हाच मध्य भारतात हिंदू महासभेचे वि. घ. देशपांडे गुणा आणि ग्वाल्हेर अशा दोन्ही ठिकाणी विजयी झाले. त्यांनी ग्वाल्हेर सोडले आणि पोटनिवडणुकीत तेथून डॉ. नारायण भास्कर खरे आले. १९३७मध्ये मध्य प्रांताचे मुख्यमंत्री झालेले तेच खरे. म्हणजे पहिल्या लोकसभेत झाशी, गुणा आणि ग्वाल्हेर या एकमेकांलगतच्या तीन जागांवर मराठी आडनावे होती! आज हे सांगितले तर लोकांना खरे वाटत नाही. त्यानंतर वाटा फुटल्या. गुणा-ग्वाल्हेरमध्ये १९५७पासून विजयाराजे, १९७१पासून माधवराव, पुढे ज्योतिरादित्य असा शिंदे घराण्याचा वावर राहिला. पराभवही झाले (२०१९चा गुण्याचा पराभव ताजा आहे) पण नाव टिकले. इंदूरमध्ये चिपळूणच्या माहेरवाशीण सुमित्रा महाजन १९८९ ते २०१४ या काळात सलग आठ वेळा निवडून आल्या. बडोद्यात फत्तेसिंहराव गायकवाड निवडून येत. झाशीत मात्र १९५२नंतर एकही मराठी भाषक लोकसभेत गेलेला नाही.

हा फरक कशाने पडला? माझ्या मते याचे मूळ पुन्हा १८५७-५८मध्ये आहे. ज्या घराण्याने तह केला त्याचा राजवाडा, जमीन, प्रजेशी असलेला व्यवहार आणि त्यातून येणारी निष्ठा टिकली. ती निष्ठा प्रौढ मताधिकार आल्यावर मतांत परिवर्तित होऊ शकली. ज्या घराण्याने लढा दिला त्याचे काहीच उरले नाही. राणीचे दत्तक पुत्र दामोदरराव इंदुरास तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर राहिले आणि १९०६ साली तेथेच वारले. लोकांच्या मनात राणी आहे, प्रत्येक पक्षाच्या फलकावर आहे, २०२१च्या अखेरीपासून रेल्वे स्थानकाच्या नावातही आहे. तिच्या नावाने मत मागणारा वारस मात्र नाही. हे लोकशाहीच्या दृष्टीने चांगलेच झाले, असेही कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. राणी त्यामुळे कोणा एकाची राहिली नाही.

१९५७ साली झाशीला नवा चेहरा मिळाला: डॉ. सुशीला नायर. (धुळेकर १९५८ ते १९६४ उत्तर प्रदेश विधान परिषदेचे सभापती होते.) सुशीलाबाई पंजाबच्या, आज पाकिस्तानात असलेल्या गुजरात जिल्ह्यातल्या; गांधीजींच्या डॉक्टर, प्यारेलालांच्या भगिनी. झाशीने त्यांना १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीनदा निवडून दिले. १९६२ ते १९६७ त्या केंद्रात आरोग्यमंत्री होत्या. झाशीचे वैद्यकीय महाविद्यालय १९६८ साली, त्यांच्या खासदारकीतच सुरू झाले. १९७१मध्ये काँग्रेसचे गोविंददास रिछारिया आले. १९७७मध्ये सुशीलाबाई चौथ्यांदा निवडून आल्या त्या काँग्रेसविरोधी लाटेत, नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर. उत्तर प्रदेशातील सर्व ८५ जागा त्या वेळी काँग्रेसने गमावल्या. तीच व्यक्ती, तोच मतदारसंघ, चिन्ह उलटे! निकालांच्या तक्त्यात पक्षाचा रकाना पाहणाऱ्याला हा मोठा उलटफेर वाटेल. नावाचा रकाना पाहणाऱ्याला त्यात सातत्य दिसेल.

मला सुशीलाबाईंविषयी विशेष आपुलकी आहे, आणि तिचे कारण वैयक्तिक आहे. माझे आजोळ वर्ध्याचे. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान त्यांनी १९६९ साली उभे केले, आयुष्याची अखेरची वर्षे तेथे काढली आणि २००१च्या जानेवारीत तेथेच देह ठेवला. माझ्या आजीचे शेवटचे आजारपण त्या इस्पितळात गेले. ज्या बाईंना आम्ही वर्ध्याच्या समजत होतो त्या चार वेळा झाशीच्या खासदार होत्या, हे मला झाशीत येईपर्यंत माहीत नव्हते. झाशीला मराठी खासदार पुन्हा मिळाला नाही, पण झाशीच्या खासदाराने विदर्भाला जे दिले त्याचा हिशेब कोठे मांडावा?

पुढील निकाल भराभर सांगतो. १९८०, विश्वनाथ शर्मा, काँग्रेस. १९८४च्या सहानुभूतीच्या लाटेत सुजानसिंह बुंदेला, काँग्रेस. त्या वेळी राज्यातील ८५पैकी ८३ जागा त्या पक्षाकडे गेल्या होत्या. १९८९मध्ये भाजपला राज्यात अवघ्या ८ जागा मिळाल्या, त्यांत झाशी होती. राजेंद्र अग्निहोत्री तेथून १९८९, १९९१, १९९६ आणि १९९८ असे चारदा निवडून आले. १९९९ला पुन्हा बुंदेला. २००४ला समाजवादी पक्षाचे चंद्रपालसिंह यादव. २००९ला काँग्रेसचे प्रदीप जैन 'आदित्य', जे पुढे ग्रामविकास राज्यमंत्री झाले. २०१४ला उमा भारती, सुमारे १ लाख ९० हजारांच्या फरकाने. २०१९ला अनुराग शर्मा, १९८०च्या विश्वनाथ शर्मांचे चिरंजीव, परंतु भाजपतर्फे. फरक सुमारे ३ लाख ६५ हजारांचा.

या यादीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. १९९९, २००४, २००९ आणि २०१४ या चारही वेळा मतदारांनी मावळता पक्ष नाकारला. ज्या प्रदेशात पाऊस एक वर्ष दगा देतो, माताटीला धरण असूनही टँकर येतो आणि गावचे गाव दिल्ली-सुरतेला मजुरीसाठी रिकामे होते, तेथे मतदार खासदाराशी मुदतीचा करार करतो आणि मुदत संपली की नूतनीकरण करत नाही. नोव्हेंबर २००९मध्ये केंद्राने दोन्ही राज्यांतील १३ जिल्ह्यांसाठी ७,२६६ कोटींचे बुंदेलखंड पॅकेज मंजूर केले. विहिरी झाल्या, बंधारे झाले, धान्याची मंडी-आवारे बांधली गेली. त्यांतील काही आवारे पुढे ओस पडली, कारण मंडी बांधता येते, पण तिच्यात येणारे पीक बांधता येत नाही. पैसा खर्ची पडला हे खरे आणि २०१४चा निकालही खरा.

स्वतंत्र बुंदेलखंडाचा प्रश्न हा याचाच दुसरा पदर. १९५५च्या राज्य पुनर्रचना आयोगात सरदार पणिक्कर यांनी भिन्न मतपत्रिका जोडली होती: उत्तर प्रदेश इतके मोठे असणे संघराज्याला हितावह नाही, त्यातून मेरठ, आग्रा, रोहिलखंड व झाशी हे विभाग काढून, शेजारचे दतिया आणि मध्य भारताचे चार जिल्हे जोडून, आग्रा नावाचे नवे राज्य करावे. ते मान्य झाले असते तर १८८६ची चूक काही अंशी दुरुस्त झाली असती. २१ नोव्हेंबर २०११ रोजी उत्तर प्रदेश विधानसभेने राज्याच्या चौभागणीचा ठराव केला, त्यातही बुंदेलखंड होते. २०१४च्या प्रचारात त्याचे आश्वासन पुन्हा मिळाले. आजवर राज्य झालेले नाही. विदर्भातून आलेल्या माणसाला या वाक्यांची सवय असते. असो.

४ जून २०२४ रोजी मी भोजला मंडीतील मतमोजणी केंद्रात होतो. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना सूक्ष्म निरीक्षक म्हणून नेमतात. माझी नेमणूक एका टेबलावर होती. सकाळी आठला टपाली मते, अर्ध्या तासाने यंत्रे. काम अगदी साधे: यंत्राची मोहोर व क्रमांक पडताळायचे, पटलावरील आकडा स्वतः पाहून स्वतःच्या तक्त्यात लिहायचा, प्रतिनिधींच्या आरड्याओरड्याकडे लक्ष द्यायचे नाही. उष्मा असा की पंख्याचा वारासुद्धा भाजत होता. बबिना, झाशी नगर आणि मऊरानीपूर येथील मते या आवारात. ललितपूर व महरौनीची ललितपुरात. दुपारपर्यंत कल स्पष्ट झाला. अनुराग शर्मा दुसऱ्यांदा विजयी, पण फरक ३ लाख ६५ हजारांवरून सुमारे १ लाख २ हजारांवर आलेला. दुसऱ्या स्थानी प्रदीप जैन. बुंदेलखंडाच्या उत्तर प्रदेशातील चार जागांपैकी जालौन, हमीरपूर आणि बांदा समाजवादी पक्षाकडे गेल्या, एकटी झाशी भाजपकडे राहिली. मतदान सुमारे ६४ टक्के, आणि ललितपूर जिल्ह्यातील तीन गावांत तर शंभर टक्के. मे महिन्याच्या २० तारखेला, त्या उन्हात! मतदार उदासीन आहे असे शहरात बसून लिहिणाऱ्यांनी एकदा त्या गावांत जावे.

त्या रात्री उशिरा घरी परतलो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतले काका आले. वय ऐंशीच्या पुढे. त्यांचे घराणे येथे सात पिढ्यांचे. मराठी बोलतात ती मध्येच 'हओ' म्हणत. १९५२च्या निवडणुकीची त्यांना आठवण आहे ती भिंतींवरच्या बैलजोडीची आणि वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेल्या गर्दीची. चहा घेताना त्यांनी विचारले,

"साहेब, त्यात आपली किती होती?"

"काका, यंत्र ते सांगत नाही. केंद्रनिहाय आकडे मिळतात, भाषानिहाय नाही."

"पण यादी असते ना. यादीत नावं असतात."

ते खरे होते. मतदार यादी सार्वजनिक असते. जुन्या शहरातल्या, गणेश मंदिराच्या बाजूच्या एका भागाची यादी मी संगणकावरून छापून घेतली (राणीचे लग्न त्याच मंदिरात लागले असे सांगतात, आणि गणेशोत्सवात आजही तेथे मराठी आरती ऐकू येते). एका रविवारी आम्ही दोघे ती घेऊन बसलो. काम वाटले तितके सोपे नव्हते. हिंदी टंकलेखनात कित्येक मराठी आडनावांची रूपे बदललेली, 'ळ'चा 'ल' झालेला. काहींनी आडनाव सोडून नुसते 'राव' लावलेले. काहींच्या घरी सून आलेली बुंदेलखंडी, तिचे माहेरचेच आडनाव नोंदलेले. काका पेन्सिलीने खुणा करत होते आणि प्रत्येक खुणेगणिक मला त्या घराची कथा सांगत होते: हा रेल्वे कारखान्यात होता, हिची आजी राणीच्या देवघरातल्या पुजाऱ्यांच्या घरची, या घरात आता मराठी कोणालाच येत नाही.

धुळेकरांच्या त्या भाषणाविषयी मी त्यांना विचारले. त्यांना ते माहीत होते. "वडील म्हणायचे, फार बोलले ते," एवढेच म्हणून त्यांनी पान उलटले.

शेवटच्या पानापर्यंत आलो तेव्हा खुणा बोटांवर मोजता येतील इतक्याच झाल्या होत्या. मी बेरीज लिहू लागलो, तर त्यांनी माझा हात धरला आणि पेन्सिलीने त्यांतल्या काही नावांवर रेघ मारली.

"ही धरू नका."

"का? नावे तर यादीत आहेत."

"यादीत आहेत. पण पुण्याला गेली. पोरांना नोकऱ्या तिकडं लागल्या." आणखी एका नावापाशी पेन्सिल थांबली, पण रेघ मारली नाही. ते त्यांच्या नातवाचे होते. यंदा पहिल्यांदा मत दिले होते त्याने. "हा जाईल पुढल्या वर्षी," काका म्हणाले. "तवर राहू द्या."

मी भाच्याला त्या रात्री लिहिले: एक, १९५२ साली, आणि सविस्तर भेटल्यावर.